छाट

ओल्या गोणपाटात पानं निजवून ठेवली होती,
सकाळी बघते तर त्यावरच तिनं आपलं काम उरकलेलं.
अर्धा किलो पान गेलं.
सून म्हणाली, नाक घासा तिचं त्यात,
आमच्या माहेरी असंच करतात.
मानेला धरून उचलली,
तर तिनं चारी पाय पोटाशी घेतले,
तंबाखूच्या रंगाचं मूठभर भय.
नाही घासलं.

नाव ठेवलं जर्दी.
घरात आम्ही तेलुगू बोलतो, मांजरीला पिल्ली म्हणतो,
शेजारची मैनाबाई पिल्लू म्हणते.
ती दोन्हीला येत नाही.
ताटलीवर चमचा वाजला की येते.

श्रावणीनं मोबाइलमध्ये वाचून सांगितलं,
अव्वा, चांगलं वागली की लगेच द्यायचं काहीतरी,
तीन मोजायच्या आत.
उशीर झाला तर तिला कळत नाही कशाचं दिलं.
मी पदराला सुकट बांधली.

बांधकामावरची वाळू आणली फुटक्या घमेल्यात.
जेवली की उचलून तिथं, झोपून उठली की तिथं.
चार दिवस तिनं वाळूत नुसते खड्डे खणले.
पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं,
सगळं विडी घरकुल घागरी घेऊन पळतंय
आणि ही घमेल्यात बसून भिंतीकडं बघतेय,
गंभीर,
हिशेबाला बसलेल्या मुनीमासारखी.
घागर सोडून मी आधी सुकट दिली.
पाणी सांडलं. सांडू दे.

सुपाचं मात्र अवघड.
सुपात कात्री, सुपात दोरा, सुपात तंबाखू,
आणि तंबाखू पोटात गेली तर संपलंच.
दोरा हलला की ही आलीच.
धरली तर चावली.
ओरडले तर कपाटाखाली,
दिवेलागणीपर्यंत नुसते दोन डोळे.

मी सात वर्षांची असताना आईनं
कात्रीच्या मुठीनं बोटांवर मारून विडी शिकवली.
बोटं शिकली. अजून झोपेत वळतात.
पण पुढं कधी तिचा हात मायेनं डोक्याकडं आला
तरी माझी मान खाली जायची,
ती गेली त्या वर्षापर्यंत.

मग चादरीचा एक तुकडा अंथरला दाराजवळ,
मागावरनं उतरलेला, मोर अर्धाच विणलेला.
मोरावर टेकली की सुकट.
सुपाकडं आली की काहीच नाही,
बोलणं नाही, बघणं नाही,
सूप उचलून फळीवर. धंदा बंद.
त्या आठवड्यात हजाराच्या सातशेच झाल्या.

ब्रँचमध्ये मुनीमानं कट्टे सोडले.
ही ढिली, ही आखूड, हिचं तोंड उघडं.
चाळीस छाट.
तीस वर्षं असंच, वाईट तेवढी वेचून दाखवतात.
मी म्हणाले, साहेब, एखादी चांगली पण दाखवा की,
कशी वळली होती ते मला पण कळू दे.
रांगेतल्या बायका हसल्या,
वन्नालच्या सुशीलानं पदर तोंडाला लावला.
त्यानं एक विडी उचलली, उजेडात फिरवली,
काही बोलला नाही.
पण छाटीत नाही टाकली.

काल दुपारी लाइट गेलेली, पत्रा तापलेला,
मी मोजत होते, नऊशे चाळीस, एक्केचाळीस,
बघते तर ती अर्ध्या मोरावर बसलेली,
कुणी न सांगता.
दोरा हलत होता.
तिच्या शेपटीचं टोक हलत होता तसंच,
बाकीची सगळी जागच्या जागी.
एक. पदराची गाठ सोडली.
दोन. सुकट संपलेली.
बोटांचा वास साबणानं जात नाही,
म्हणून मनगटाची मागची बाजू पुढं केली.
तिनं हुंगलं. शिंकली.
डोकं घासलं एकदा, जोरात,
आणि थेट सुपात उडी.

सूप फळीवर.
एक्केचाळीस होत्या की बेचाळीस,
पहिल्यापासून मोजायला घेतलं.